मामाचं आडनाव कुणाकुणाला सांगितलंत?

गेल्या अंकात ‘आपली माहिती कुठे कुठे पोचते, तुमच्या शंका कळवा’ असं आवाहन केलं होतं. पत्रं भरपूर आली. एका बाईंनी तर प्रश्नाखाली पूर्ण पत्ता, दोन मोबाइल नंबर, जन्मतारीख आणि ‘ओळखीसाठी’ म्हणून आधार कार्डाचा फोटोही जोडला होता. ताई, मी तो काढून टाकलाय. तुमच्या ईमेलच्या ‘पाठवलेले’मधूनही काढा. तर या खेपेला नावं छापत नाही, आणि ठिकाणही नुसतं जिल्ह्यापुरतं. मी सहकारी बँकेत केवायसीच्या टेबलावर नोकरी केली. खात्यातले पैसे गेलेली माणसं समोरच्या खुर्चीत बसून रडताना पाहिली आहेत. कुठे कडक बोलले असेन तर त्यामुळे.

मुलीचं लग्न होऊन दोन वर्षं झाली. स्थळं बघताना तिचा बायोडेटा तीन-चार ग्रुपवर टाकला होता. अजून फोन येतात, ‘मुलगी द्यायची आहे ना?’ जावई समोर असले की फार अवघडल्यासारखं होतं. मागच्या महिन्यात मात्र वेगळाच फोन आला. पलीकडच्याने बँकेतून बोलतोय म्हणून सांगितलं, तिची जन्मतारीख, कंपनी, माझ्या माहेरचं आडनाव सगळं बरोबर म्हणून दाखवलं आणि ओटीपी मागितला. तिने दिला नाही. पण हे थांबवायचं कसं? (एक आई, सांगली)

लेकीने ओटीपी दिला नाही म्हणजे मोठं काम तिनेच केलंय. राहिलेलं तुम्ही करा.

तो बायोडेटा काढून समोर ठेवा आणि वरपक्षाच्या नव्हे, त्या फोनवाल्याच्या नजरेने वाचा. वर गणपती. मग पूर्ण नाव, जन्मतारीख, पहाटे अमुक वाजून तमुक मिनिटं अशी जन्मवेळ, जन्मगाव. रास, नाडी, गण, रक्तगट. कंपनी, हुद्दा, पॅकेज. वडील कुठून निवृत्त झाले, भाऊ-वहिनी कुठे नोकरीला. मामा: नाव आणि गाव. स्थावर: स्वतःचा टू बीएचके, गावी चार एकर बागायत. घरचा पत्ता. सगळ्यात खाली वडिलांचा, मामांचा आणि आत्यांचा मोबाइल. फोनवर बोलणारा खातेदार खरा की तोतया, हे पडताळायला बँका वर्षानुवर्षं जन्मतारीख, पत्ता आणि आईचं माहेरचं आडनाव विचारत आल्या. मामाच्या ओळीत त्याचं आयतं उत्तर आहे. ही माहिती मिळवायला एरवी चोराला खटपट करावी लागते. आपण ती सुबक टाइप करून, फोटो चिकटवून, पीडीएफ बनवून ‘योग्य स्थळ असल्यास कळवावे’ म्हणत स्वतः वाटतो. वर आत्याबाईंना सांगतो, ‘जरा पुढे पाठवा हं.’

गेलेलं सगळं परत येणार नाही, हे आधी मान्य करू. पण बरंच आवरता येतं. ज्या ग्रुपवर टाकलं त्यांच्या ॲडमिनना फोन करा. जिथे संदेश अजून पुसता येत असेल तिथे तो सगळ्यांसाठी पुसायला सांगा, नाहीतर ‘लग्न झालंय, पुढे पाठवू नका’ असं ग्रुपवर लिहायला सांगा. उतरवून घेतलेल्या प्रती राहतील, पण पुन्हा फॉरवर्ड करणारे तरी कमी होतील. तिचं नाव आणि तुमचे नंबर अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. एखाद्या वेबसाइटवर पीडीएफ सापडली तर त्या साइटला लिहा.

कायद्याचं म्हणाल, तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा घरगुती, खासगी वापराला लागू नाही. आत्याबाईंनी मैत्रिणीला फॉरवर्ड केलं तर त्यांना तो हात लावत नाही. फी घेऊन नावं नोंदवणारं वधू-वर सूचक केंद्र मात्र त्यात येतं. ‘लग्न झालं आहे, संमती मागे घेत आहोत, माहिती पुसून तसं कळवावं’ असं त्यांना लेखी पाठवा. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तेव्हा लगेच दंडाच्या धमक्या देऊ नका, पण ईमेल आजच पाठवून ठेवा.

लेकीसाठी दोन कामं. केवायसीच्या फॉर्मवर खरीच माहिती लिहायची असते. पण ईमेल आणि ॲपवाले ‘सुरक्षा प्रश्न’ विचारतात तिथे उत्तर खरं असण्याची अट नाही, पूर्वी दिलेलं तेच पुन्हा द्यावं लागतं, एवढंच. मामाचं आडनाव विचारलं तर ‘शेवग्याची शेंग’ लिहून टाका आणि डायरीत नोंद करा. दुसरं, केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल जोडण्या आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर दिसला तर तिथेच कळवता येतं.

आणि घरात अजून कुणी लग्नाचं असेल तर बायोडेटाचे दोन कागद करा. पहिल्यावर नुसतं नाव, जन्मसाल, तालुका, शिक्षण, कामाचं स्वरूप, अपेक्षा, आणि स्थळांसाठीच घेतलेल्या वेगळ्या सिमचा नंबर. लग्न ठरलं की सिम बंद. दुसरा कागद दोन्ही घरांचं बोलणं झाल्यावर, एकेकाला, हातात. ‘पत्रिकेचं काय?’ म्हणून सासरकडचे विचारतीलच. गुण जुळवायला नक्षत्र, चरण आणि रास पुरते, जन्मवेळ नाही लागत. मंगळ बघायचाच असेल तर कुंडलीची चौकट द्या. (हुशार ज्योतिषी चौकटीवरून तारीख काढेलही. फोनवरचा भामटा इतका अभ्यास करत नाही.) प्रत्येक प्रतीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘आत्यांची प्रत’, ‘काकांची प्रत’ असं टाका. पुढे कुठे फिरताना दिसली तर कुणाच्या हातून सुटली ते कळेल. आत्याबाई रुसतील, रुसू द्या.

तहसील कचेरीसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, ‘दादा, नंबर सांगा, व्हॉट्सॲपवर टाकतो’ म्हणतं आणि आधार, पॅन, पासबुक, सातबारा सगळं टाकून प्रिंट घेऊन जातं. अख्ख्या तालुक्याची कागदपत्रं माझ्याकडे पडून आहेत. मला त्यांचं काही करायचं नाही, पण अलीकडे भीती वाटते. (पुणे)

दादा, सगळ्या टपालात मला तुमचं पत्र आवडलं. ‘माझ्या माहितीचं काय होईल’ विचारणारे ढिगाने आहेत, ‘माझ्याकडे दुसऱ्यांचं पडलंय’ म्हणणारे तुम्ही एकटे.

दुकानाचा नंबर घरच्यापेक्षा वेगळा घ्या. त्या व्हॉट्सॲपवर संदेश चोवीस तासांनी आपोआप नाहीसे होतील अशी वेळ लावून टाका, आणि फोटो गॅलरीत आपसूक उतरतात तेही बंद करा. कॉम्प्युटरवरचा डाउनलोडचा फोल्डर मात्र असा रिकामा होत नाही. शटर ओढण्याआधी तो हाताने पुसायचा, रिसायकल बिनसकट. कुणी स्वतःचं व्हॉट्सॲप तुमच्या कॉम्प्युटरवर उघडलं तर तो निघण्याआधी त्याच्या फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन बंद करायला लावा. नाहीतर तो घरी जाऊन बायकोशी काय बोलतो ते तुमच्या पडद्यावर दिसत राहील.

बिघडलेल्या प्रिंटचं काय करता? पाठकोरे कागद म्हणून रद्दीत देत असाल तर थांबा. आधारच्या फिकट निघालेल्या प्रतीत बांधलेली भेळ मी स्वतः खाल्ली आहे. नाव, पत्ता, बारा आकडे, सगळं स्वच्छ वाचता येत होतं, फक्त फोटोवर चिंचेचं पाणी सांडलेलं. कागद फाडण्याचं छोटं यंत्र मिळतं, नसेल तर आडवे-उभे फाडून भिजवा.

गिऱ्हाइकांना मास्क्ड आधार काढून देत जा. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बेंगळुरू कार्यालयाने ‘आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, मास्क्ड वापरा’ असं पत्रक काढलं आणि गैरसमज होईल म्हणून दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. पत्रक गेलं, सोय राहिली. डाउनलोड केलेल्या ई-आधारला पासवर्ड असतो म्हणून निर्धास्त राहू नका. नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं आणि जन्मसाल, एवढाच तो पासवर्ड, आणि सांगलीच्या ताईंच्या बायोडेटात ही दोन्ही पहिल्या दोन ओळींत आहेत.

तहसिलीसमोर बसता म्हणून आणखी एक. जमिनीच्या नोंदणीकृत दस्तांवरचे अंगठ्याचे ठसे उचलून त्यांच्या नकली प्रती बनवल्याची प्रकरणं तेलंगण आणि हरियाणात उघडकीला आली आहेत. अशा ठशांनी आधारशी जोडलेल्या खात्यातून पैसे काढले जातात, तिथे ओटीपीही लागत नाही. खरेदीखत करून बाहेर पडलेल्या शेतकऱ्याला आधारचं बायोमेट्रिक लॉक करून द्या. पैसे काढायच्या दिवशी थोडा वेळ उघडता येतं. या कामाचे दहा-वीस रुपये जरूर घ्या, फुकट केलेल्याला किंमत राहत नाही.

मुलगी-जावई म्युनिकला असतात. नातू दीड वर्षाचा. त्याचे बोरन्हाणाचे फोटो मी फेसबुकवर टाकले तर मुलीने रागावून काढायला लावले. वर म्हणते, ‘बाबा, ग्रुपवरसुद्धा टाकू नका.’ सत्तरी ओलांडलेल्या आजोबाने नातवाचं कौतुकही करायचं नाही? आम्ही काय परके? (नाशिक)

कौतुक करा की, आजोबा. पण लेक ज्या गावी राहते तिथली रीत समजून घ्या, मग तिचा राग कमी टोचेल. १८९८ साली जर्मनीचा पहिला चॅन्सेलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकार गुपचूप त्याच्या घरात शिरले आणि मृतदेहाचा फोटो काढून विकायला निघाले. जर्मनीत त्यावरून केवढा गदारोळ झाला, आणि १९०७ साली कायदाच आला की माणसाची छबी त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करायची नाही. ते कलम आजही लागू आहे. तिथल्या पाळणाघरातसुद्धा मुलांचे फोटो काढण्याआधी आईबापांची लेखी परवानगी घेतात. अशा ठिकाणाहून लेक फेसबुक उघडते आणि पोराच्या डोक्यावर बोरं पडतानाचा फोटो नाशिकच्या निम्म्या गावाने पाहिलेला असतो.

तुम्ही पाठवलेला मजकूर वाचला. पोराचं पूर्ण नाव, ‘आज बाळराजे दीड वर्षाचे झाले’ म्हणजे जन्मतारीख, आईबाप कुठे कामाला, आणि बोरन्हाणासाठी सगळे महिनाभर भारतात आले आहेत ही बातमी. म्हणजे म्युनिकचं घर बंद आहे हेही. कौतुक फक्त ‘गोडुला’ या एका शब्दात होतं. तेवढंच ठेवून बाकी सगळं गाळलं असतं तर लेक कदाचित बोललीही नसती.

संमती द्यायची कुणी, हा खरा मुद्दा. तुम्ही आजोबा आहात, पालक ते दोघं. आपल्याकडच्या नव्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला कंपन्यांना आईबापांचीच संमती लागणार आहे, आजी-आजोबांची नाही. लेकीला सांगून फक्त दोन्हीकडच्या आजी-आजोबांसाठी एक सामायिक अल्बम करून घ्या. छापून घेतलेले फोटो खिशात ठेवून सकाळी कट्ट्यावर मित्रांना दाखवा, ते कुणाला फॉरवर्ड करता येत नाहीत. अंघोळीचा, तेल लावतानाचा उघडा फोटो मात्र कुठेही नाही, अल्बममध्येही नाही. हे विनंती म्हणून सांगत नाहीये.

मोबाइल चोरून ऐकतो ना हो? परवा हिच्याशी ‘मिक्सर बदलायला झाला’ असं बोललो आणि काल सगळीकडे मिक्सरच्या जाहिराती! (ठाणे)

काका, ऐकायची गरजच नाही. बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अँड्रॉइडची १७ हजारांहून जास्त ॲप तपासली. चोरून आवाज पाठवणारं एकही सापडलं नाही. पडद्यावर काय चाललंय त्याचं चित्रण बाहेर पाठवणारी काही मात्र सापडली. तुमच्या बाबतीत बहुधा काकूंनीच त्या संध्याकाळी मिक्सरच्या किमती पाहिल्या. एकाच वायफायवरचे दोन फोन एका घरातले, हे जाहिरातवाल्यांना कळतं. विचारून बघा.

आणि तुम्ही स्वतः काही दिलं नाही म्हणून सुटलात असं नसतं. केंब्रिज ॲनालिटिका या कंपनीने राजकीय प्रचारासाठी फेसबुकवरच्या लोकांची माहिती परस्पर मिळवल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा, २०१८ मध्ये, फेसबुकनेच आकडे दिले. ही माहिती ज्यातून गेली ते प्रश्नमंजुषेचं ॲप भारतात घेतलं ३३५ जणांनी. माहिती गेली असण्याची शक्यता ५ लाख ६२ हजार भारतीयांची. बाकी सगळे नुसते इथल्या किंवा परदेशातल्या कुणाच्या तरी मित्रयादीत होते. आजही भाचा एखाद्या ॲपला फोनमधली सगळी यादी देतो, आणि त्यात ‘ठाण्याचे काका’ नंबरासकट जातात. फोनच्या सेटिंगमध्ये ‘परवानग्या’ उघडा. टॉर्चच्या ॲपला तुमचे नातेवाईक कशाला हवेत?

माझ्या नावाने कुणीतरी इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलंय. माझेच फोटो लावलेत आणि मित्रमैत्रिणींना घाण मेसेज जाताहेत. घरी सांगितलं तर कॉलेज बंद करतील. (वय १९, छत्रपती संभाजीनगर)

तुझी काही चूक नाही, हे आधी. आता घाईने त्या खात्याला ब्लॉक करू नकोस. ज्यांना मेसेज आले त्यांच्याकडून स्क्रीनशॉट घे, त्यात खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे. प्रोफाइलची लिंकही वेगळी लिहून ठेव. खातं उडालं की पुरावाही उडतो. मग इन्स्टाग्रामवर ‘तोतयेगिरी’ म्हणून तक्रार कर, ओळखपत्र मागतील. आणखी चार जणींनाही तक्रार करायला सांग.

त्याचबरोबर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर महिलांसाठीच्या विभागात नोंद कर. १९३० हा नंबर मुख्यत्वे पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, पैसे गेले तर पहिल्या तासात तिथे. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६-सी आणि तोतयेगिरी करून फसवणं हा ६६-डी कलमाखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. फोटो नाजूक असतील किंवा तसे बनवले असतील, तर ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय आहे. फोटो तुझ्या फोनमध्येच राहतो, त्याचा सांकेतिक ठसा तेवढा जातो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात.

घरी कुणाला तरी सांगच. आईला नाही जमलं तर मावशीला, नाहीतर कॉलेजातल्या एखाद्या मॅडमना. पोलीस चौकीत एकटी जाऊ नकोस. पत्रासोबत ईमेल दिला आहेस, मी त्यावर सविस्तर लिहिलंय.

सासरे म्हणतात, ‘आपण साधी माणसं, आपल्याकडे लपवण्यासारखं आहे काय?’ (अमरावती)

त्यांचं पेन्शनचं पासबुक आठवडाभर सोसायटीच्या फळ्यावर लावायची परवानगी मागा. गोपनीयता हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितलं. ती याचिका न्या. के. एस. पुट्टस्वामी या निवृत्त न्यायाधीशांनी २०१२ मध्ये, वयाची पंच्याऐंशी उलटल्यावर केली होती. सासरेबुवांना वयाचं तरी कौतुक वाटेल.

यजमानांना जाऊन चार महिने झाले. मुलगा म्हणतो, बाबांचा नंबर बंद करू, उगाच रिचार्ज कशाला. दुसरीकडे परवा त्यांच्या वाढदिवसाला फेसबुकवर लोकांनी ‘शतायुषी व्हा’ म्हणून शुभेच्छा दिल्या. वाचवत नव्हतं. काय करू? (रत्नागिरी)

रिचार्ज चालू ठेवा, ताई. बंद झालेला नंबर कंपनी नव्वद दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला देऊ शकते. तो नंबर बँकेला, पेन्शनला, विम्याला, गॅसला, त्यांच्या ईमेलला जोडलेला असणार. उद्या त्यावरचे ओटीपी भलत्याच माणसाच्या खिशात वाजतील. मृत्यूचा दाखला घेऊन मोबाइल कंपनीच्या दालनात जा आणि नंबर तुमच्या किंवा मुलाच्या नावावर करून घ्या. मग पासबुक, पॉलिसी, म्युच्युअल फंडाची कागदपत्रं एकेक काढून प्रत्येक ठिकाणी नंबर बदला. फार दिवस वापरलं नाही तर व्हॉट्सॲपचं खातंही बंद होतं, म्हणून त्यांचे आवाजी निरोप, फोटो हवे असतील तर मुलाला आत्ताच दुसरीकडे उतरवून ठेवायला सांगा. फोन विकायची घाई नको.

फेसबुकला मृत्यूचा दाखला पाठवून खातं ‘स्मृती’ म्हणून ठेवता येतं. मग त्यांच्या वाढदिवसाची आठवण कुणाला जात नाही, जुने फोटो मात्र राहतात. नकोच असेल तर जवळच्या नातेवाइकाला ते काढूनही टाकता येतं. तुम्ही आणि मुलाने बसून ठरवा, घाई काही नाही. नंबर बदलायच्या यादीत महावितरणचं बीलही धरा. तिथेही बहुधा त्यांचाच नंबर आहे आणि बिलाचा संदेश त्यावरच येतो.